वय वाढतं तशी तुमची गरी बदलली का?

झिलपीकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गरीने मासे धरायला लागून मला यंदा ५२ वर्षं झाली. नवव्या वर्षी नागपुरात गांधीसागर तलावाच्या पायरीवर पहिल्यांदा बसलो, आता ६१ चा आहे. तेव्हा घर महाल भागात होतं, आणि आमच्याकडे त्या तलावाला कोणी गांधीसागर म्हणत नसे, जुम्मा तलावच म्हणत.

काल पहाटे झिलपी तलावावर गेलो होतो. साडेदहापर्यंत एक रोहू लागला, सव्वा किलोचा असेल, आणि चार चिलापी. चिलापी पिशवीत टाकल्या, रोहू सोडून दिला. बाजूला एक तरुण मुलगा बसला होता. तो म्हणाला, "काका, सोडायचाच होता तर पहाटेपासून बसले कशाला?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी जेवतानाही तेच डोक्यात होतं. विशीतला मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं. मग मधे काय झालं, कधी झालं, हे आठवत बसलो. जमलं तसं लिहितो.

पहिली पाच-सहा वर्षं मासा म्हणजे मासा. बोटाएवढा का असेना, लागला पाहिजे. वेळूची काठी, ज्वारीच्या धांड्याचा (वाळलेल्या ताटाचा) तरंडा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, मासा लागला की बुडणारा, इतवारीतून आणलेले गळ. मोरीचं पाणी अंगणात जिथे जिरायचं तिथली माती खणली की गांडुळं मिळायची. तरंडा बुडाला की छातीत जे व्हायचं ते आजही होतं, त्यात काही फरक नाही.

मग आली मोजायची वर्षं. आम्ही चौघं मित्र, दोन लुना, कन्हान नदी नाहीतर खिंडसी तलाव. परत येताना कोणाची पिशवी जड, एवढंच बोलणं. याच काळातली एक गोष्ट सांगायची आहे. मी २६-२७ चा असेन. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि कामठीच्या पुढे कन्हानला मिळणाऱ्या एका नाल्यावर आम्ही रात्री गेलो. चढणीचा मासा होता, नव्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारा. गरीची गरजच नव्हती, फेकजाळं टाकायचं आणि ओढायचं. दोन पोती भरून पहाटे घरी आलो. आई पावशी घेऊन बसली, राखेत घोळवून खवले काढले, पोट चिरलं की पिवळी गाभोळी. दुसरा मासा, पुन्हा गाभोळी. तिने ती वेगळी काढायला परात घेतली, परात भरली, मग दुसरं भांडं घेतलं. मान वर न करता तिने विचारलं, "सगळ्या माद्याच कशा रे या?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, हेही खरं आहे ते लिहितो. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो नाही. मित्र बोलवायला आले होते, तर अंग दुखतं म्हणून सांगितलं.

पस्तिशीनंतर मोठ्या माशाचं वेड लागलं. फक्त कतला, आणि तोही पाच किलोच्या वरचा. भाजलेलं बेसन, शेंगदाण्याची ढेप, त्यात कोणी काय मिसळतो ते एकमेकांपासून लपवायचं. चाळिशीत एकदा घाईने गळ काढताना तो अंगठ्यात रुतला. उलट्या काट्यामुळे मागे येईना, डॉक्टरांना मांस कापून काढावा लागला. तेव्हापासून प्रत्येक नव्या गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट करतो. चार मासे जास्त सुटतात. सुटू देत.

गेली आठ-दहा वर्षं पहिला अर्धा तास मी गरी सोडतच नाही. नुसतं पाणी पाहतो. बारीक बुडबुड्यांची रांग सरकत असेल तर तळाशी मृगळ चरतोय. गवताच्या कडेला पाणी हललं आणि वर येऊन गप्पकन हवा घेतल्याचा आवाज आला तर मरळ. विशीत मला यातलं काही दिसतच नव्हतं, कारण मी तरंड्याकडे पाहत होतो.

लोक म्हणतात वय झालं, मन मऊ झालं. मला तसं वाटत नाही. तुमचं काय? काय बदललं, आणि कशामुळे?

---

पोट्टा_कामठीचा | रविवार, रात्री ११:१५

काका, झिलपीचा तो पोट्टा मी नव्हतो, पण मी पण तेच इचारलं असतं.

मी २४ चा हाये. मिहानमधी शिफ्ट करतो, आठवड्याची एक सुट्टी भेटते अन् ती पूर्ण पाण्यावर जाते. खरं सांगू का, मले मासा पाह्यजे. वजन पाह्यजे, फोटो पाह्यजे. हातात रीळवाली काठी आली की अर्धा तास पाणी पाहत बसणं मले तं जमणारच नाई. एका जागी मी धा मिनिटं थांबतो, नाई लागलं तं पुढं.

मागच्या जुलैमधी गावाकडच्या एका बोडीत, लहान तळ्यात, गेलो होतो. पाण्यावर लाल-लाल असा ठिपका, परातीएवढा, हलून रायला होता. रबरी बेडूक त्याच्या मधातून ओढला. दुसऱ्याच फेकीला खालून मरळनं असा घाव घातला का काठी हातातून जाता जाता राह्यली. तीन किलो भरली. आजवरचा माझा सर्वात मोठा मासा. तुमचं ते वाचलं गाभोळीचं, तं मनात आलं का ते लाल काय होतं?

---

बोटुकली | सोमवार, सकाळी ८:०५

@पोट्टा_कामठीचा, दादा, मी इथे मत्स्य विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, कॉलेज फुटाळा तलावाजवळ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, रागावू नका.

तो लाल ठिपका म्हणजे मरळीची पिल्लं. पावसाळ्यात मरळ उथळ पाण्यात गवत बाजूला सारून जागा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं थोडी मोठी झाली की तांबूस-केशरी दिसतात आणि एकत्र थव्याने फिरतात. आई-बाप खाली राखणीला असतात. पिल्लांमधून काहीही गेलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. तुमच्या बेडकावर ती भूक लागली म्हणून नव्हती आली.

राखण करणारा मासा काढला की पिल्लं उघडी पडतात. चिलापी, बेडूक, पाणसाप, बगळे, ज्याला मिळेल तो खातो.

---

सदर_४७ | सोमवार, दुपारी १:३०

झिलपीकाठ काका, तुमच्या हिशोबात एक टप्पा राहिला, तो माझा आहे. गरी न धरण्याचा.

३० ते ४५ या काळात मी बहुतेक तीनदा गेलो असेन. लग्न, नोकरी, मुलांच्या शिकवण्या, वडिलांचं आजारपण. काठी माळ्यावर. दोन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढलं तेव्हा ती खाली आली. रिळावरचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटांनी ओढून पाहिला तर कडक होऊन गेलेला, टचकन तुटला. मी रंगाऱ्यांच्या पसाऱ्यात स्टुलावर बसून तो सगळा तंगूस काढत होतो, हातभर ओढायचा, तुटायचा, पुन्हा ओढायचा. बायकोने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना.

आता महिन्यातून दोनदा जातो. आणि या १५ वर्षांच्या खंडाने जे केलं ते अनुभवाने केलं नसतं असं मला वाटतं. मी पुन्हा नवशिका झालोय. गाठ विसरलो होतो, ती मोबाईलवर पाहून शिकलो. बोटाएवढी चिलापी लागली तरी मला नऊ वर्षांच्या मुलासारखा आनंद होतो. म्हणजे वय पुढे गेलं आणि गरी मागे आली. असं आणखी कोणाचं झालंय का?

---

पवनीची | सोमवार, रात्री ८:५०

मी नागपुरात नोकरी करते, माहेर पवनी तालुक्यात. आम्ही ढिवर. तुम्ही सगळे छंदाबद्दल बोलताय, मी पोटाबद्दल बोलते, चालेल ना?

माझे बाबा बाराव्या वर्षापासून वैनगंगेवर आहेत. त्यांच्या सवयी मनाने बदलल्या नाहीत, पाण्याने बदलल्या. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. पुढे पाणी अडवलं तशी आमच्या बाजूची वाहती नदी थांबली. बाबांना प्रत्येक डोहाचं नाव माहीत होतं. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात वाम, कुठल्या दगडाच्या आडोशाला कोणता मासा, उथळ पाण्यात फेकजाळं कोणत्या बाजूने टाकायचं. ते सगळे डोह एका सपाट पाण्याखाली गेले. पंचवीस वर्षांचा अनुभव होता आणि त्याचा उपयोग उरला नाही. डोंग्यात बसून खोल पाण्यात उभं जाळं लावणं त्यांना पस्तिशीनंतर नव्याने शिकावं लागलं, आणि शिकवलं कोणी तर त्यांच्याहून लहान पोरांनी. पहिली दोन वर्षं ते घरी आले की बोलत नसत.

आणखी एक. तुमच्या शहराचं सांडपाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. ते पाणी शेवटी आमच्याच दारात येतं. तुम्ही झिलपीला बसून पाणी वाचता, बाबा सकाळी पाण्याचा वास घेऊन ठरवतात आज डोंगा काढायचा की नाही. ही सवय त्यांना म्हातारपणाने नाही लावली.

जाळ्याचं सांगायचं तर, तरुणपणी बाबा बारीक जाळं वापरायचे, सगळे वापरायचे. आता चार बोटं आरपार गेली पाहिजेत, त्याहून बारीक जाळं ते घरात येऊ देत नाहीत. यात दयामाया कमी आणि हिशोब जास्त. पावशेराच्या रोहूला बाजारात जो भाव मिळतो त्याहून दीड किलोच्या रोहूला किलोमागे कितीतरी जास्त मिळतो. तोच मासा, फक्त थांबायचं. पण थांबायला घरात दुसरा पैसा लागतो. विशीत बाबांकडे तो नव्हता. मी नोकरीला लागल्यावर जाळं मोठं झालं, हे ते स्वतः सांगतात.

@झिलपीकाठ काका, एक विचारू? मासा खायचा नाही तर काढायचा कशाला? तुमच्या त्या मुलाचा प्रश्न मलाही पडतो. आमच्याकडे गळाने मासा ओढायचा, दमवायचा आणि सोडायचा याला खेळ म्हणत नाहीत.

---

पुण्यातून_लेक | मंगळवार, सकाळी ७:२०

हा धागा मी रात्री दोनदा वाचला. मी मासे पकडत नाही, पण माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत, नागपुरात एकटे राहतात, आणि त्यांचं सगळं आयुष्य अंबाझरी, फुटाळा, खिंडसी यातच गेलं. हात थरथरतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. गळाच्या डोळ्यात तंगूस ओवता येत नाही. मागच्या महिन्यात न सांगता रिक्षाने तलावावर गेले आणि उतारावर घसरले. नशिबाने फक्त खरचटलं. मी फोनवर खूप रागावले. तेव्हापासून ते गरीचं नावच काढत नाहीत, आणि मला ते घसरण्यापेक्षा जास्त लागलंय.

या वयात त्यांना काय करता येईल? कोणी सांगाल का?

---

झिलपीकाठ | मंगळवार, सकाळी १०:४५

ताई, आधी तुमचं. वडिलांना थांबवू नका, फक्त सोय बदला.

गळ आधीच बांधून ठेवायचे. वीतभर तंगुसाला एकेक गळ, असे वीस-पंचवीस तुकडे कोणाकडून तरी करून घ्या आणि थर्माकोलच्या पट्टीला टोचून ठेवा. तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला मोठा फासा ठेवला की काठावर नुसतं अडकवायचं, ओवायचं काही नाही. तरंडा मोठा आणि लाल. पहाटे नेऊ नका, थंडीत आठ-साडेआठनंतर ऊन आलं की न्या. उन्हाळ्यात नकोच, नवतप्यात तर अजिबात नको. उताराचा काठ टाळा, जिथे गाडी जवळ जाते आणि खुर्ची सपाट बसते तिथेच. आणि सोबत एक माणूस हवाच. ही शेवटची अट मी स्वतःलाही गेल्या वर्षीपासून घातली आहे.

@पवनीची, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी कालची रात्र घेतली. मी असं समजत होतो की मोठा रोहू सोडला म्हणजे तो अंडी घालेल, तलावात मासा टिकेल. त्या परातीतल्या गाभोळीची काहीतरी परतफेड होईल. दमवण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही. मी त्याकडे पाहत नव्हतो.

---

बोटुकली | मंगळवार, दुपारी ४:१०

झिलपीकाठ काका, तुमच्या शेवटच्या वाक्यांवर मला बोलायलाच हवं, कारण तुम्ही हे मनापासून करता आणि माहिती चुकीची आहे.

रोहू, कतला, मृगळ हे तिन्ही नदीचे मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पोटात गाभोळीही धरते, पण अंडी टाकत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. एक किलोच्या रोहूच्या मादीत दोन-तीन लाख अंडी असतात, पण तलावात ती अंगातच जिरून जातात. मोठ्या जलाशयाला नदी येऊन मिळत असेल तर पुरात मासा वर चढून अंडी घालू शकतो. लहान तलावात ते होत नाही. म्हणूनच पूर्वी नदीतून बीज गोळा करून तलावात सोडावं लागायचं. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली आणि सगळं चित्र पालटलं. तो दिवस १० जुलै, म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आज तलावात तुम्हाला लागतो तो रोहू कोणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडलेला असतो. बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेने, म्हणजे पवनीची ताईंच्या बाबांसारख्या माणसांनी.

मरळीचं उलट आहे. ती तलावातच वाढते, तलावातच वंश वाढवते. आणि चिलापी १९५२ मध्ये भारतात बाहेरून आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे कुठेही झपाट्याने वाढते आणि आपल्या माशांचा चारा खाते. तिला अवश्य घरी न्या.

म्हणजे सोडायचीच असेल तर पावसाळ्यातली मरळ सोडा. किंवा त्याहून बरं, त्या दिवसांत तिच्यावर गरी टाकूच नका. रोहू परवानगी घेऊन धरला असेल तर खा.

सोडण्याबद्दल अजून थोडं. कोरड्या हाताने मासा धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हात ओले करा, जमलं तर पाण्यातच गळ काढा. आणि उन्हाळ्यात पहाटे सोडलेला मासा अनेकदा वाचत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वात कमी असतो. दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि दुपारी दुसऱ्या काठाला तरंगतो.

---

पोट्टा_कामठीचा | मंगळवार, रात्री ११:५०

बोटुकली ताई, तुमचं पह्यलं वाचलं तेव्हा मले राग आला होता. लिहिलं नाई. मनात म्हटलं, मी नाई धरली तं दुसरा कोणी धरन, जाळंवाले तं पिल्लासकट ओढतात.

मंग फोनवर माझाच व्हिडिओ पुन्हा पाह्यला. मासा काढल्यावर मी कॅमेरा पाण्याकडं फिरवला होता, तेव्हा ध्यान नव्हतं दिलं. ते लाल तिथंच गोल-गोल फिरून रायलं होतं. मी निघालो तरी तिथंच होतं. व्हिडिओ मी आज काढून टाकला नाई, ठेवला हाये.

मी वजन सोडणार नाई काका. सुट्टी एक, अन् मले मोठा मासा पाह्यजेच. पण जून ते ऑगस्ट मरळवर बेडूक नाई टाकत. चिलापीवर हात साफ करतो. एवढं जमन.

---

पवनीची | बुधवार, रात्री ९:१५

आज बाबांना फोनवर हा धागा वाचून दाखवला. गाभोळीचं ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, चढणीचा मासा आम्हीही धरायचो, सगळं गाव धरायचं, पण घरापुरता. पोत्यात भरून कोणी नेत नव्हतं, कारण न्यायला गाडी नव्हती आणि विकायला रस्ता नव्हता.

त्यांनी झिलपीकाठ काकांना निरोप दिलाय: रोहू सोडू नका, पण ज्यांचं बीज आहे त्यांना विचारून बसा. आणि घरी नेल्यावर आईच्या वेळेसारखा राखेतच साफ करा, नळाखाली नको, चव जाते.

---

झिलपीकाठ | बुधवार, रात्री १०:३०

विचारूनच बसतो मी, गेली कित्येक वर्षं. बाबांना माझा नमस्कार सांगा. राख मात्र आता गॅसच्या घरात मिळत नाही. पुढच्या वेळी गावाकडून आणेन.

बोटुकली, ५२ वर्षं रोहू धरतोय आणि तो तलावात अंडी घालत नाही हे मला काल कळलं. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही आता नीट कळतंय. नाल्यात ते अंडी टाकायलाच चढत होते आणि गाभोळीने फुगलेल्या जड माद्या जाळ्यात आधी अडकत होत्या. नरांकडे आम्ही पाहिलंच नाही. आई १९९६ मध्ये गेली, नाहीतर आज तिला सांगितलं असतं.

---

सदर_४७ | रविवार, दुपारी ३:००

पुण्यातून_लेक, तुमच्याशी निरोपातून ठरलं होतं त्याप्रमाणे आज बाबांना घेऊन गेलो होतो. सगळं ठीक, आता घरी सोडून आलो. म्हटलं इथेही लिहावं.

साडेआठला खुर्ची लावली, ऊन छान होतं. मी गळ लावून काठी त्यांच्या हातात दिली तर त्यांनी परत माझ्याकडे दिली. म्हणाले, तू धर. वीस मिनिटं काही बोलले नाहीत. मला वाटलं थकले असतील. मग हाताने खूण करून म्हणाले, "तो खंड्या पाहा, मघापासून त्याच फांदीवर परत येतोय. तिकडे खाली बारीक मासा आहे. बारीक आहे तर मोठाही फिरकेल. तिथे टाक." मला ती फांदीही नीट दिसली नव्हती, आणि त्यांना एका डोळ्याने खंड्या दिसत होता.

तिथे टाकला. पाऊण तासाने तरंडा सरकला, मी घाई केली, सुटला. बाबा म्हणाले, "बुडू द्यायचा होता." दुसऱ्यांदा बुडू दिला. अर्ध्या किलोचा मागूर निघाला. त्यांनी तो ओल्या फडक्यात धरून बराच वेळ पाहिला, डोक्याच्या मागच्या हाडावरून बोट फिरवलं. आपलाच आहे की बाहेरचा, ते पाहत होते म्हणे. आपलाच निघाला.

एक तक्रार आहे त्यांची. प्लास्टिकचा तरंडा त्यांना आवडत नाही. पाण्यात मेल्यासारखा बसतो म्हणतात. धांड्याचा हवा. कोणाला करता येतो?

---

पुण्यातून_लेक | रविवार, दुपारी ३:४०

दादा, बाबांचा फोन आत्ताच येऊन गेला. मागुराबद्दल अर्धा तास बोलले. तुमच्याबद्दल एवढंच म्हणाले, "पोरगा घाई करतो, पण ऐकतो."

मी डिसेंबरात येते आहे. तेव्हा मीही बसेन त्यांच्या बाजूला. मला काहीच येत नाही, चालेल ना?

---

झिलपीकाठ | रविवार, संध्याकाळी ६:२०

चालेल काय, वडील आहेत ना शिकवायला.

धांड्याचा तरंडा असा करा. ज्वारी काढून झाल्यावर शेतात उभा राहून वाळलेला धांडा घ्या, हिरवा तोडून वाळवलेला नको, तो आक्रसतो. करंगळीपेक्षा थोडा जाड. दोन पेरांच्या मधला चार बोटांचा तुकडा धारदार पात्याने एका दमात कापा, चेपू देऊ नका. वरची साल तशीच राहू द्या, तिच्यामुळे पाणी आत शिरत नाही. दोन्ही उघडी टोकं वितळलेल्या मेणात बुडवून काढा, थंड झाल्यावर पुन्हा एकदा बुडवा. खालच्या टोकाला मेणातच बारीक तारेची कडी बसवा, तंगूस त्यातून जाईल. वरच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावा, दोन हात. कुंकवाने रंगवू नका, उतरतं. मग बादलीत सोडून पाहा. तीन भाग पाण्यात आणि एक भाग वर राहीपर्यंत तंगुसाला शिशाचा बारीक तुकडा चिमटा. आडवा पडला तर शिसं कमी आहे.

माझ्याकडे गेल्या हंगामातले वाळलेले धांडे आहेत. चार करून ठेवतो. सदर_४७, पुढच्या रविवारी निघायच्या आधी घेऊन जा.